पाडव्यापर्यंत पंच्याहत्तर

४ जानेवारी १९९९, सोमवार. संध्याकाळी ७.

नवीन वही. खरं तर एक तारखेलाच सुरू करणार होतो, पण शुक्रवारी डबल ड्यूटी होती आणि शनिवार-रविवार कोणी काही सुरू करत नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे निश्चय डळमळला तर वाचता येईल. काल आष्टीहून शिवकन्याला बघायला पाहुणे आले होते. पौष चालू आहे, म्हणून हे बघणं नव्हे, नुसता चहा, असं दोन्हीकडून ठरलं होतं. मुलाचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, स्वभावाने गरीब वाटला. सगळं बराबर चाललं होतं. निघताना मुलाची आत्या मालनबाई चपला घालता घालता म्हणाली की पोरगी गुणाची हाय, पर अंगानं जरा जास्तीच, बापावर गेली बघा. पाडवा झाला की पुन्हा येऊ, तवा काय ते सांगू, असं म्हणून गेले. शिवकन्या दाराशीच उभी होती. हसली. एकोणीस वर्षांची आहे पण समजूतदार, असलं काही मनाला लावून घेत नाही.

मी मात्र विचार केला. एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर मी चौदा वर्षं ऑपरेटर आहे. सळया, भंगार, बियाण्याची पोती, सगळं माझ्या काट्यावरून जातं आणि भुजंगरावांच्या, म्हणजे माझ्या, पावतीवर अजून कोणी बोट ठेवलेलं नाही. शेजारच्या बियाणे कंपनीत मी रोज बघतो, मोठी पार्टी आली की दाणा नंतर हातात घेते, आधी विचारते नर कोणता आणि मादी कोणती. इथे तेच झालं. पोरीत दोष नाही, बापात आहे. बाप सडपातळ असता तर मालनबाईच्या डोक्यात हा विषय आलाच नसता.

पाडवा १८ मार्चला. आजचं वजन (बियाणे गोडाऊनमधला पोत्यांचा काटा) ९४ किलो ३०० ग्रॅम. त्यातून बारदान वजा: शर्ट, पँट, स्वेटर, चपला, चष्मा, किल्ल्या, सकाळचा नाश्ता. निव्वळ ९१. टार्गेट ७५. त्र्याहत्तर दिवसांत सोळा किलो, म्हणजे रोज साधारण सव्वादोनशे ग्रॅम. एवढं तर भंगाराच्या गाडीतून रस्त्यात सांडतं.

५ जानेवारी.

डाएट सुरू. चहा बिनसाखरेचा एक. बाकीचे तीन कंपनीतले, ते साखर घालूनच येतात.

दुपारी शिवकन्या कॉलेजातून येताना डबा घेऊन आली. तिला सांगितलं की तुझ्या लग्नापायी तुझा बाप आजपासून उपाशी. काट्यावरच्या चार ड्रायव्हरांनाही सांगितलं. चार लोकांना माहीत असलं की माणूस मागे फिरत नाही. तिने डबा ठेवला. गाडी नव्हती म्हणून आम्ही दोघं मोठ्या काट्यावर उभे राहिलो. तो पाच किलोच्या खालचं बोलत नाही. दोघांचं मिळून १५५. पावती काढून या वहीत ठेवली. रेकॉर्ड असावं.

संध्याकाळी जेवताना शिवकन्याने अर्धी भाकर ठेवली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही घ्या. अन्न टाकू नये म्हणून घेतली. ती तिच्या वाट्याची होती, त्यामुळे माझ्या डाएटमध्ये धरली नाही.

१० जानेवारी, रविवार.

बसस्टँडजवळच्या एका लॉजवर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वजनाचे डॉक्टर बसतात. खोली नंबर चार. बाहेरच्या चपला बघूनच माझा विश्वास बसला. डॉक्टरांनी नाडी बघितली नाही, नुसतं पोट बघितलं आणि दोन पुड्या दिल्या. पांढरी गोळी भूक मारते, पिवळी पाणी काढते. नाव विचारलं तर म्हणाले, नावाच्या गोळ्या दुकानात मिळतात, गुणाच्या इथे. डॉक्टरांचा स्वतःचा आकार माझ्याएवढाच आहे. म्हणजे माणूस निःस्वार्थी असणार, सगळं औषध पेशंटला देतो.

घरी उषाला दाखवल्या. ती म्हणाली, पुडीवर ना नाव ना गाव, ह्या माणसाच्या हायेत का म्हशीच्या. बायकोचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं आहे, त्यामुळे वाद घातला नाही.

११ जानेवारी.

गोळी लागू पडली. छातीत ढोल वाजतात, हात थरथरतात, झोप शून्य, बाथरूमला नऊ चकरा. भूक मात्र खरोखर नव्हती. दुपारी एका ट्रकचं वजन दोनदा लिहिलं. असं चौदा वर्षांत झालं नव्हतं.

१२ जानेवारी.

शरीर तयार नसताना औषध घेणं चूक आहे. आधी शरीर तयार करायचं. पुड्या देवघराच्या फळीवर ठेवल्या. कोर्स चालू आहे, फक्त गोळ्या बंद.

१५ जानेवारी.

काल संक्रांत. तीळ उष्ण असतो आणि उष्णतेने चरबी वितळते. किती लाडू खाल्ले ते मोजलं नाही, मोजलं की मनावर ताण येतो. सगळे लाडू शिवकन्याने वळले आणि गल्लीभर वाटले. उषा म्हणाली, पोरीनं सोताच्या तोंडात एक बी टाकला न्हाई. वळता वळता खाल्ले असणार. मी पण तसंच करतो.

२१ जानेवारी.

सिराजोद्दीनच्या घरी ईदचा शीरखुर्मा. सिराजोद्दीन भंगाराचा टेम्पो चालवतो, दिवसातून चार वेळा काट्यावर येतो, जुना दोस्त. महिनाभराच्या रोज्यांत दोन किलो उतरलो आणि दोन दिवसांत परत भरलो, असं हसत सांगत होता. मनावर कंट्रोल नाही त्याचा. मी त्याला माझ्या डाएटची माहिती दिली. तीन वाट्या झाल्या, पण दूध हे पूर्णान्न आहे. चौथी शिवकन्याची होती, तिने हात लावला नव्हता. सिराजोद्दीनची आई लालबी तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, बच्ची का मूं काय को उतर गया बाबा. मला बरं वाटलं. चेहऱ्यावरचं वजन आधी जातं असं मी पण ऐकलंय, आणि म्हातारीची नजर अजून चांगली आहे.

२४ जानेवारी, रविवार. केदारखेडा.

मेव्हणे रामकिसन यांच्या शेतात हुरडा. हुरडा हिरवा असतो, म्हणजे तो धान्यात येत नाही, भाजीत येतो. भाजीला डाएटमध्ये मर्यादा नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हे सगळं भाजीबरोबरचं.

शिवकन्याने आगटीजवळ बसून सगळ्यांना कणसं चोळून दिली. तळहात हिरवेगार झाले. मागच्या वर्षी हीच पोरगी मामाशी पैज लावून हुरडा खात होती आणि हसून हसून तिला ठसका लागला होता. यंदा शांत. रामकिसन म्हणाले, दाजी, भाची जेवून राह्यली का न्हाई. मी म्हणालो, घरात डाएटचं वातावरण आहे. माझ्याकडे बघून ते काही बोलले नाहीत. मोठे मेव्हणे आहेत, मान ठेवतात.

२७ जानेवारी.

सकाळी मोतीबागेपर्यंत फिरायला गेलो. येताना भजे.

१ फेब्रुवारी.

मासिक वजन: ९७ किलो १०० ग्रॅम. घाबरण्यासारखं काही नाही. स्वेटर नवीन आहे. हुरडा जड असतो, उतरायला आठवडा लागतो, म्हणजे माल अजून गाडीत आहे. शिवाय हा काटा पोत्यांसाठी आहे, माणसासाठी नाही.

शिवकन्या डबा घेऊन आली तेव्हा तिलाही उभं केलं. महिन्याभरात चांगला फरक. मी तिला शाबासकी दिली आणि गोडाऊनमधल्या हमालांना बोलावून काटा दाखवला. एका घरात एकाने डाएट केलं की दुसऱ्याला गुण येतो. श्रेय घ्यायचं नसतं, पण सुरुवात कोणी केली हे दिसतंच.

हमाल वसंता म्हणाला, साहेब, पोरीचं उतरलं अन् तुमचं चढलं, काटा उलटा बसवला काय. वसंता नवीन आहे.

८ फेब्रुवारी.

देवघर पुसताना गोळ्यांच्या पुड्या हाताला लागल्या. चौदा वर्षं वजन केलेला हात आहे, लगेच कळलं, पुड्या हलक्या झाल्या आहेत. उघडून बघितलं तर अर्ध्याहून जास्त गोळ्या संपल्या. उषाला विचारलं, तिने हात जोडले. उंदीर असता तर कागद कुरतडला असता. म्हणजे मीच घेतल्या असणार. सवय इतकी अंगात मुरली की घेतल्याचं लक्षातही राहिलं नाही. डाएटमध्ये यालाच शिस्त म्हणत असतील.

१४ फेब्रुवारी, महाशिवरात्र.

सकाळी लॉजवर. डॉक्टर म्हणाले, फरक दिसतोय. त्या वेळी ते पेपर वाचत होते, पण अनुभवी माणसाला बघावं लागत नाही. या वेळी डबल पुड्या घेतल्या आणि फळीवर ठेवल्या.

उपवास कडक केला. साबुदाणा, भगर, आमटी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू, केळी. पोटाला विश्रांती मिळाली.

शिवकन्या शिवरात्रीचीच, म्हणून तर हे नाव. तिने नुसतं पाणी घेतलं. आता तिने वार धरले आहेत. सोमवार, गुरुवार, शनिवार, आणि मध्ये एकादशी-चतुर्थी आली की ती. शेजारच्या गोजरबाई सगळ्या गल्लीत सांगतात की आजकालच्या पोरींत असं कुठं ऱ्हायलंय, भुजंगरावाची पोर म्हणजे तपस्वी. हे आष्टीपर्यंत पोचलं तर फार चांगलं.

उषा म्हणाली, उपासाला फराळ बी करंना ती, दुसऱ्या दिशी सोडंना बी. मी म्हणालो, धर्मात आडवं येऊ नये. फराळाचं ताट तिच्यासाठी भरून ठेवलं होतं, ते वाया गेलं नाही.

२० फेब्रुवारी.

घरात कटकट. उषाचं म्हणणं, थंडी गेली तरी पोरगी स्वेटर काढंना, फणीत केसांचा पुंजका येतो, जिना चढली की बसून घेती. मी समजावून सांगितलं. अंगावरची चरबी गेली की थंडी वाजणारच, हे सायन्स आहे. केस सगळ्यांचे गळतात, माझ्याकडे बघ. जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत.

ती म्हणाली, दवाखान्यात दाखवू. मी स्पष्ट सांगितलं, पाडव्यापर्यंत नाही. दवाखान्याच्या बाकावर कोणी ओळखीचं भेटतं, आष्टीला निरोप जातो की मुलगी आजारी, आणि हातातलं स्थळ जातं. पंचवीस-तीस दिवसांचा प्रश्न आहे. उषाने भांडी जोरात घासली.

शिवकन्या दाराआड होती. म्हणाली, आई, मला काही झालं न्हाई, बाबा बराबर बोलून राह्यले. मग माझ्या ताटात तिची भाकर ठेवली.

२ मार्च.

होळीच्या पोळ्या. पुरण डाळीचं असतं आणि डाळ पौष्टिक. नऊ. त्यातल्या चार शिवकन्याच्या, म्हणजे माझ्या पाच. मागच्या होळीला अकरा होत्या, म्हणून सहा कमी. प्रोग्रेस.

९ मार्च.

सिराजोद्दीनशी भांडण. काटा रिकामा होता, तो केबिनमध्ये येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, भुजंगभाऊ, बुरा मत मानो, पर कल बच्ची डबा लेके आई तो मैं पहचानाच नहीं, जल्दी डॉक्टर को दिखाओ, लग्नाचं मंग बघू. मी म्हणालो, सहा हजार किलो भंगारात चाळीस किलो माती आणणाऱ्याने मला वजनाबद्दल शिकवू नये. तो उठून गेला. चहा अर्धा राहिला होता. मी प्यायलो.

१४ मार्च, रविवार.

खोली नंबर चारला कुलूप. लॉजवाला म्हणाला, ते डॉक्टर आता येत न्हाईत, कुठंतरी बाईमाणूस गोळ्या खाऊन सिरीयस झालं, पोलीस पत्ता इचारून गेल्ते. गुणी माणसाला दुश्मन फार. घरी येऊन फळीवरच्या पुड्या बघितल्या. सगळ्या रिकाम्या. कोर्स माझ्याकडून पूर्ण झालेला दिसतो.

१८ मार्च, गुरुवार. पाडवा.

गुढी उभारली. नैवेद्य दाखवला. त्यानंतर गोडाऊनमध्ये जाऊन एकटाच वजनाला उभा राहिलो. १०८. बारदान वजा केलं. पुन्हा केलं. किल्ल्या, चष्मा, पट्टा, घड्याळ, जानवं, सगळं धरलं तरी शंभराच्या खाली येईना.

टार्गेट पंच्याहत्तर होतं. तेहतीसचा फरक म्हणजे माणसाची चूक नव्हे, मशीनची. खात्री करायची म्हणून शिवकन्याला बोलावलं आणि दोघं परत मोठ्या काट्यावर उभे राहिलो. ती काट्यावर चढताना माझ्या खांद्याला धरून चढली. पावती निघाली १५५. जानेवारीची पावती वहीत होतीच, शेजारी ठेवली. १५५. म्हणजे अडीच महिन्यांत काहीच घडलं नाही असं हा काटा म्हणतो. उद्या मेकॅनिकला फोन करणार.

सिराजोद्दीन टेम्पो लावून उभा होता. भांडणानंतर पहिल्यांदा बोलला. दोन्ही पावत्या हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाला, काटा बिलकुल बराबर हाय भुजंगभाऊ, माल कुठं गेला न्हाई, ह्या गाडीतला त्या गाडीत गेला. मग सणाचा राम राम करून निघून गेला. त्याला काट्यातलं काय कळतं.

२१ मार्च, रविवार. सकाळी.

आज पाहुणे. नवीन सफारी, बटणं लागत नाहीत, पण उघडी फॅशन आहे. मालनबाई काय म्हणते ते ऐकायला उत्सुक आहे. शिवकन्याला मोठ्या चुलतीचं पोलकं घातलं, ते सैल झालं तेव्हा आईचं, ते पण सैल. उषाने आतून टाचण्या लावल्या. टाचण्या लावताना रडत होती. पोरीची पाठवणी जवळ आली की आया रडतात.

२१ मार्च. संध्याकाळी.

पाहुणे आले. चहा झाला. मालनबाई शिवकन्याकडे बराच वेळ बघत होती. मी मुद्दाम म्हणालो, बघा, दोन महिन्यांत केवढा फरक. मग मालनबाई उषाला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी बाहेरून ऐकलं. ती विचारत होती, ताई, खरं सांगा, पोरीला काय आजार हाय का, छातीचा फोटो काढला का, जानेवारीत चांगली भरलेली व्हती, आता हाताची हाडं दिसून राह्यली, आमच्या घरी दोन म्हशी हायेत, असल्या पोरीच्यानं व्हईल का. उषा म्हणाली, तवा तुम्हीच तिला जाड म्हणल्ता, मालनबाई, माझ्या पोरीनं तवापासून पोटभर घास खाल्ला न्हाई, आता तुम्ही आजारी म्हणता, उठा अन् निघा. उषाचा आवाज एवढा मोठा आहे हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं.

पाहुणे गेले. स्थळ गेलं. उषाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, सकाळी आठला रिक्षा आणा, पाडवा झाला तुमचा.

मालनबाईचा मला राग आला आहे. हे लिहून ठेवतो. बाकी सुचत नाही.

२२ मार्च, सोमवार. रजा.

सरकारी दवाखाना. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. शिवकन्याची नाडी मोजली, पुन्हा मोजली, लगेच सलाईन लावून ॲडमिट करून घेतलं. गोळ्या कोणत्या घेतल्या विचारलं. मी म्हणालो, गोळ्या मी घेत होतो, ती नाही. शिवकन्या छताकडे बघत म्हणाली, बाबा, फळीवरच्या मीच घेतल्या. डॉक्टरीणबाईंनी मला रिकाम्या पुड्या आणायला लावल्या, वास घेतला, बोटाने भुकटी बघितली आणि फार रागावल्या. म्हणाल्या, छाती धडधडवणाऱ्या आणि अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळ्या, त्याही उपाशी पोटी, पोरगी वेळेवर आली हे तुमचं नशीब.

मग त्यांनी मला बाहेर बोलावलं. हा आजार आहे, हट्ट नाही आणि भक्ती पण नाही, असं म्हणाल्या. एखाद्या बोलण्यावरून सुरू होतो, नंतर बोलणारा विसरतो आणि आजार एकटाच वाढतो. पोरीला भूक लागते, पण खायची भीती वाटते. तिला रागवायचं नाही, आग्रह करायचा नाही, वजन करायचं नाही, बारीक-जाड हे शब्द घरात काढायचे नाहीत. औरंगाबादच्या एका डॉक्टरांना चिठ्ठी दिली, मनाच्या. मी मान हलवत होतो.

शेवटी त्यांनी विचारलं, ही नीट जेवत नाही असं कधीपासून आहे, अंदाजे तारीख सांगा. मला सांगता आलं नाही. माझ्या काट्यावरून गेलेल्या कुठल्याही गाडीची तारीख विचारली असती तर सांगितली असती. उषा म्हणाली, त्येंची वही हाय घरी, रोज लिवत्यात, त्यात सापडंल.

२२ मार्च. संध्याकाळी ६.

घरी आलो. वही काढली. तारीख शोधायला पहिल्या पानापासून वाचत गेलो.

५ जानेवारी. २१ जानेवारी. २४ जानेवारी. १४ फेब्रुवारी. २० फेब्रुवारी. २ मार्च.

मला लाज वाटली. आधी वाटलं पानं फाडावी. मग एका कागदावर तारखा लिहून घेतल्या, अक्षर नीट काढलं, डॉक्टरीणबाईंना वाचता यायला हवं. वही नेली नाही.

२३ मार्च.

कागद दिला. त्यांनी वाचला आणि फाईलला लावला.

उषा चहाला गेली तेव्हा मी शिवकन्याजवळ बसलो. विचारलं की त्या बाईचं बोलणं एवढं लागलं होतं तर मला का नाही सांगितलं. तिने पांघरूण वर ओढलं. मग म्हणाली, तिचं लागलंच व्हतं बाबा, पर तुम्ही सगळ्यांना सांगून राह्यलते, पोरीपायी उपाशी हाय म्हणून, माझ्यापायी तुम्ही उपाशी बसलेले अन् मी समोर बसून जेवू कशी, तुमचं ताट रिकामं दिसलं की माझी भाकर ठेवत व्हते, मंग पुढं पुढं जेवायचीच भीती बसली.

मी एक दिवस पण उपाशी नव्हतो. हे तिला सांगणं भाग होतं. सांगितलं. कंपनीतले चहा, भजे, पोळ्या, सगळं सांगितलं. तिने डोळे मिटून ऐकलं. रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, बरं झालं, मला लई काळजी लागल्ती तुमची.

यानंतर मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

३१ मार्च.

शिवकन्या घरी. सिराजोद्दीनने टेम्पोत गादी टाकून आणली, हॉर्न एकदाही वाजवला नाही. मी त्याची चाळीस किलो मातीबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, वो तो सच्ची बात थी.

गोजरबाई बघायला आल्या. उपासाचं काय म्हणून विचारलं. उषाने सांगितलं की देवाने सगळं माफ केलंय.

६ एप्रिल.

पहिल्यांदा औरंगाबादला जाऊन आलो. बरं व्हायला वेळ लागेल, महिने लागतील, मध्ये पुन्हा मागे जाईल, घाबरू नका, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मी किती दिवस ते विचारलं, त्यांनी आकडा दिला नाही. माझ्या वजनाबद्दल पण विचारलं. ते म्हणाले तुमचं साधं आहे, कमी खा आणि चाला, गोळीबिळी नको. एवढ्या शिकलेल्या माणसाने एवढं साधं सांगावं याचं नवल वाटलं.

११ एप्रिल.

सगळ्यांनी एकत्र जेवायचं, ताटाकडे बघायचं नाही, जेवणावर बोलायचं नाही, असा नियम आहे. जेवणावर बोलायचं नाही म्हटल्यावर माझ्याकडे बोलायला काही उरत नाही हे लक्षात आलं. ट्रकांबद्दल बोललो. शिवकन्याने दोन घास घेतले आणि रडली. उषाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी ट्रकांबद्दल बोलत राहिलो.

१८ एप्रिल, रविवार. दुपार.

पिठलं, भाकर, कांदा. मी भंगाराच्या एका गाडीचा किस्सा सांगत होतो. शिवकन्याची अर्धी भाकर ताटात राहिली होती आणि ती नुसती बसली होती. माझा हात आपोआप गेला. मला कळलंही नाही, भाकर उचललीच होती.

तिने माझं मनगट धरलं. पकड अजून हलकी आहे. म्हणाली, बाबा, ठेवा ती, माझी हाय.

मी ठेवली. ती खात राहिली, एकेक तुकडा, मध्येच थांबून. अर्धा तास लागला. उषाने भांडी उचलली नाहीत. माझं ताट केव्हाच रिकामं झालं होतं आणि मला भूक होती. मी काही मागितलं नाही, तिचं होईपर्यंत तिथेच बसून राहिलो.